दाद मागण्याचे नियम



अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये टीव्हीचे चित्रण पाहून, म्हणजे रिप्लेने, पंचाचा निर्णय तपासतात. तिथल्या प्रशिक्षकाला त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही आहे. आपल्याकडे या खेळाचा गंध असलेली माणसे थोडी. ज्यांची मुले ॲन आर्बरला किंवा ऑस्टिनला शिकायला गेली आहेत त्यांनी शनिवारच्या फोनवर मागून येणारा आरडाओरडा ऐकला असेल, तेवढाच काय तो परिचय. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला, कारण खेळ निमित्तमात्र आहे. लाखभर माणसांसमोर पंचाची चूक झाली, तर ती दुरुस्त करा असे म्हणायचे कोणी, कोणत्या चुकीबद्दल म्हणायचे आणि काय किंमत मोजून, याचा विचार या लोकांनी गेली वीस वर्षे नियमपुस्तकात बारीक अक्षरांत केलेला आहे. बहुतेकांना वाटते की रिप्ले म्हणजे कॅमेऱ्याचा प्रश्न. मला तो दाद मागण्याच्या हक्काचा प्रश्न वाटतो. माझे म्हणणे एवढेच, बाकी सगळे दाखले.

लाखभर हा आकडा मी वक्तृत्वासाठी वापरलेला नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसे बसतात, आणि खेळतात ते विद्यार्थी. शिट्टी वाजवणारे पंच त्या त्या कॉन्फरन्सने, म्हणजे विद्यापीठांच्या गटाने नेमलेले असतात. त्यांतले बहुतेक सोमवारी आपापल्या नोकरीधंद्यावर परत जातात.

खेळाचे नियम दोन मिनिटांत सांगतो. मैदान १०० यार्ड लांब. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रयत्नाला म्हणतात डाउन. दहा यार्ड झाले की नवे चार, नाही झाले तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, सहा गुण. खांबांच्या मधून लाथेने मारला तर फील्ड गोल, तीन. आणि प्रत्येक संघाला एका अर्ध्यात तीन टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवण्याची मुभा. हे टाइमआउट लक्षात ठेवा, पुढे त्यांचेच चलन चालणार आहे.

आता १९४० साली चला. १६ नोव्हेंबर, हॅनोव्हर गावी डार्टमथ विरुद्ध कॉर्नेल. कॉर्नेल सलग १८ सामने अपराजित. डार्टमथ ३–० ने पुढे, सामना संपायला काही सेकंद, कॉर्नेल गोलरेषेच्या तोंडाशी. चार डाउन संपले, पण रेफरीचा हिशेब चुकला आणि त्याने पाचवा दिला. पाचव्यावर टचडाउन झाला, कॉर्नेल ७–३ ने जिंकले. त्या काळात प्रशिक्षक सामन्याचे चित्रीकरण करून नंतर अभ्यासत असत आणि कॉर्नेलचे कार्ल स्नेव्हली या अभ्यासात नावाजलेले. फिल्म धुऊन आली, पाहिली, डाउन मोजले तर पाच. रेफरीनेही चूक कबूल केली. मग कॉर्नेलने डार्टमथला तार केली की विजय तुमचा. डार्टमथने तो घेतला आणि ३–० हा निकाल आजही नोंदीत आहे.

चित्रण पाहून निकाल फिरल्याचे हे बहुधा सर्वांत गाजलेले उदाहरण, आणि त्यात रिप्लेचा नियम नावालासुद्धा नाही. दाद मागायला हवी होती हरलेल्याने. जिंकलेल्यानेच स्वतःविरुद्ध निकाल दिला.

पन्नास वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९० ला, मिसूरीच्या मैदानावर हीच चूक पुन्हा झाली. डाउन दाखवणारी पाटी बदलायची राहून गेली, कोलोरॅडोला पाचवा डाउन मिळाला, त्यावर टचडाउन, ३३–३१. पंचांना निलंबित केले, निकाल तसाच राहिला, तार वगैरे कोणी केली नाही. त्या हंगामाअखेर कोलोरॅडो राष्ट्रीय विजेतेपदाचा वाटेकरी झाला. तार का केली नाही म्हणून कोलोरॅडोचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांना लोकांनी पुष्कळ बोलून घेतले. मला तो राग थोडा अन्यायाचा वाटतो. ज्या व्यवस्थेत दाद मागायला दारच नाही, तिथे एकट्या माणसाच्या मोठेपणावर सगळा भार टाकायचा आणि तो पेलला नाही म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हे सोपे आहे.

दार उघडायला आणखी चौदा वर्षे गेली. व्यावसायिक फुटबॉलने, म्हणजे एनएफएलने, १९८६ ते १९९१ रिप्ले वापरून पाहिला, सोडला आणि १९९९ मध्ये प्रशिक्षकाच्या हाती लाल रुमाल देऊन परत आणला. कॉलेजवाले बघत बसले होते. २००२ मध्ये पेन स्टेट जादा वेळेत आयोवाकडून हरले, तेव्हा त्यांचे पंचाहत्तरीचे प्रशिक्षक जो पटर्नो मैदान ओलांडून पळत गेले आणि बोगद्याकडे निघालेल्या रेफरीला त्यांनी गाठले. दाद मागण्याचा हाही एक प्रकार म्हणायचा. दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, पेन स्टेट ज्या बिग टेन गटात आहे त्याच गटाने प्रयोग म्हणून रिप्ले सुरू केला. २००५ मध्ये इतर गटांना परवानगी मिळाली. २००६ मध्ये सगळ्यांसाठी एक नियम झाला आणि त्यात प्रशिक्षकाचे चॅलेंज आले.

इथे कॉलेजची रचना एनएफएलपेक्षा वेगळी आहे, आणि मला ती जास्त विचारपूर्वक केलेली वाटते. एनएफएलमध्ये बरेच निर्णय प्रशिक्षकाने रुमाल टाकल्याशिवाय तपासले जात नाहीत. कॉलेजमध्ये वर बूथमध्ये बसलेला रिप्ले अधिकारी प्रत्येक डाउन पाहतो. शंका आली की खालच्या पंचांच्या कमरेचा बझर वाजवून खेळ थांबवतो. म्हणजे दाद आपोआप मागितली जाते, कोणाच्याही वतीने, फुकट. मग प्रशिक्षकाला चॅलेंज दिलेच कशाला? बूथमधला माणूसही चुकतो म्हणून. त्याला वाटले तपासण्यासारखे काही नाही, मला वाटते आहे. अशा वेळी प्रशिक्षक टाइमआउट घेतो आणि सांगतो की मला दाद मागायची आहे. लाल रुमाल नाही, नाट्य नाही. निर्णय फिरला तर टाइमआउट परत, आणि सामन्यात आणखी एक चॅलेंज शिल्लक. दोनाच्या वर कधीच नाही. निर्णय कायम राहिला तर टाइमआउट गेला आणि हक्कही गेला. निवडणुकीतल्या अनामत रकमेसारखे आहे हे. हवशागवशांनी उभे राहू नये एवढ्यासाठी डिपॉझिट, आणि ज्याचा दावा खरा ठरला त्याचे परत.

आता गंमत बघा. टाइमआउटच शिल्लक नसेल तर चॅलेंजही नाही. सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत, जिथे एका चुकीने वर्षभराची मेहनत जाते, तिथेच बहुतेक प्रशिक्षकांचा खिसा रिकामा असतो. तेव्हा सारी मदार बूथवर. शिवाय पुढचा चेंडू खेळात आला की मागच्याची दाद बंद. त्यामुळे ज्या संघाला संशयास्पद निर्णयाचा फायदा झाला आहे तो धावत-पळत रांगेत उभा राहतो आणि घाईने पुढचा डाव सुरू करतो. शंभर यार्डांवर बावीस पोरे अचानक गडबडीत दिसली की ओळखावे, कुठेतरी पाणी मुरते आहे. समोरच्या प्रशिक्षकाच्या कानात वरून त्याचा सहायक टीव्ही पाहून सांगत असतो, घे की सोड. २०२३ च्या हंगामापर्यंत तोही पडद्यावर जे दाखवतील तेच पाहत असे. त्याच्या खोलीत चित्र मागे नेण्याचे यंत्र ठेवायला बंदी होती.

नियम कागदावर शहाणा होता. पहिल्याच हंगामात, १६ सप्टेंबर २००६ ला, यूजीनमध्ये ऑरेगन विरुद्ध ओक्लाहोमा सामन्यात त्याची अब्रू गेली. ओक्लाहोमा ३३–२० ने पुढे. ऑरेगनने टचडाउन केला, ३३–२७, घड्याळात १ मिनिट १२ सेकंद. अशा वेळी मागे असलेला संघ ऑनसाइड किक मारतो, म्हणजे चेंडू आखूड मारून स्वतःच पकडायचा. अट एकच, चेंडू दहा यार्ड जाईपर्यंत मारणाऱ्या संघाने त्याला शिवायचे नाही. ऑरेगनच्या खेळाडूने त्याआधीच शिवला. वर, ढिगाऱ्यातून चेंडू घेऊन उठला तो ओक्लाहोमाचा खेळाडू. दोन्ही गोष्टी टीव्हीवर घराघरांत दिसल्या. पंचांनी चेंडू ऑरेगनला दिला. रिप्ले झाला आणि निर्णय कायम! ऑरेगनने ४६ सेकंद उरले असताना टचडाउन करून ३४–३३ केले. ओक्लाहोमाचा शेवटचा फील्ड गोल अडवला गेला.

पॅक-१० गटाने चूक मान्य केली आणि मैदानावरचे पंच व रिप्ले अधिकारी यांना एका सामन्यासाठी निलंबित केले. ओक्लाहोमा विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांनी मागणी केली की हा सामना नोंदीतूनच काढून टाका. ती मान्य झाली नाही. रिप्ले अधिकाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. म्हणजे मैदानावरच्या पंचाच्या अंगावरचे ओझे उतरवायला जो माणूस वर बसवला, त्याच्याच अंगावर ते जाऊन पडले. मैदानावरचा पंच चुकला तर लोक म्हणतात माणूस आहे, क्षणात झाले. टीव्हीसमोर बसलेला चुकला तर त्याला ही सवलत कोणी देत नाही.

ऑरेगनच्या त्या निर्णयामागे आणखी एक कलम आहे आणि सगळ्या व्यवस्थेचा कणा तेच आहे. मैदानावरचा निर्णय बरोबर आहे असे धरून चालायचे, आणि निर्विवाद पुरावा दिसला तरच तो फिरवायचा. 'मला वाटते चुकला' एवढ्यावर नाही. आपल्याला हे क्रिकेटमुळे ओळखीचे आहे. १९९२ साली डर्बनला तिसऱ्या पंचाने टीव्ही पाहून जो पहिला फलंदाज बाद दिला तो आपला सचिन तेंडुलकर, ११ धावांवर धावबाद. तेव्हा दाद मागितली होती पंचानेच. खेळाडूला दाद मागता आली ती २००८ मध्ये, भारताच्या श्रीलंका दौऱ्यात. आणि 'अंपायर्स कॉल' म्हणजे तरी काय? संशय आहे ना, मग मैदानावरचे ते खरे. दोन्ही खेळांनी संशयाचे माप मैदानावरच्या माणसाच्या पदरात टाकले.

पण 'निर्विवाद' कोणाला? २७ सप्टेंबर २०२४ ला मायामी विरुद्ध व्हर्जिनिया टेक सामन्याच्या अखेरच्या क्षणी उंच फेकलेल्या चेंडूवर खेळाडूंचा ढीग पडला. मैदानावरच्या पंचाने टचडाउन दिला, म्हणजे व्हर्जिनिया टेक विजयी. मग कित्येक मिनिटे तपासणी, आणि निर्णय फिरला. मायामी ३८–३४. ढिगाऱ्याच्या तळाशी चेंडू कोणाच्या हातात होता यावर निर्विवाद म्हणण्याइतके त्या चित्रांत काय होते, हे मला अजून समजलेले नाही. मूळ निर्णय उलट असता तर तो फिरला नसता असे माझे मत. दोन्ही संघांच्या गटाने मात्र निर्णय योग्यच असल्याचे सांगितले.

याच गटाने २०१६ पासून रिप्लेला मदत करणारे मध्यवर्ती केंद्र उभे केले आहे. त्याआधी २०१५ मध्ये ड्यूकविरुद्ध मायामीने अखेरच्या किकवर चेंडू आठदा एकमेकांकडे फेकून टचडाउन केला. सुमारे नऊ मिनिटे तपासणी होऊनही एका खेळाडूचा गुडघा आधीच टेकलेला बूथला पकडता आला नव्हता. दुसऱ्या दिवशी चुका कबूल, निलंबने झाली, निकाल कायम.

आता माझा मुख्य मुद्दा, कोणती दाद मागता येते हा. चेंडू रेषेत होता का, पकडला का, निसटला तेव्हा गुडघा टेकला होता का, डाउन कितवा, मैदानावर माणसे किती, हे सगळे तपासता येते. धरून ओढले का, पास पकडताना आडकाठी केली का, हे तपासता येत नाही, कारण तो मताचा प्रश्न. घड्याळही तपासता येते, आणि घड्याळाच्या कथा फार गोड आहेत. ५ डिसेंबर २००९ ला नेब्रास्का १२–१० ने पुढे असताना टेक्सासच्या कोल्ट मकॉयने चेंडू बाहेर फेकला आणि घड्याळात शून्य दिसले. नेब्रास्काची पोरे नाचत मैदानात आली. तपासणीत एक सेकंद परत मिळाला आणि त्या सेकंदात ४६ यार्डांचा फील्ड गोल. टेक्सास १३–१२. चार वर्षांनी ऑबर्नमध्ये २८–२८ वर घड्याळ संपले तेव्हा अलाबामाचे निक सेबन एका सेकंदासाठी पंचांशी भांडले. सेकंद मिळाला. त्यांनी ५७ यार्डांवरून किक मारली, ती तोकडी पडली. गोलरेषेच्या मागे उभ्या क्रिस डेव्हिसने ती झेलली आणि सगळे मैदान पार करून टचडाउन केला. ऑबर्न ३४–२८. दाद मागितली, दाद मिळाली आणि तिनेच घात केला.

पण ज्या चुकीने माझी झोप उडवली ती वेगळीच. १० सप्टेंबर २०१६, स्टिलवॉटर. ओक्लाहोमा स्टेट २७–२४ ने पुढे, चार सेकंद बाकी, चौथा डाउन. त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूने, वेळ घालवायला चेंडू लांब बाहेर फेकून दिला. वेळ संपली. पंचांनी त्याला चेंडू मुद्दाम फेकून दिल्याचा फाउल दिला, तो बरोबरच. पुढे मात्र म्हणाले की फाउलवर सामना संपत नाही, सेंट्रल मिशिगनला आणखी एक डाव मिळेल. नियम स्पष्ट आहे. ज्या फाउलमध्ये डाउन जातो त्यावर वेळ वाढवत नाहीत. सामना संपलेला होता. त्या नसलेल्या डावात उंच पास, झेल, झेल घेणाऱ्याने पडता पडता मित्राकडे फेकलेला चेंडू, टचडाउन. सेंट्रल मिशिगन ३०–२७.

या चुकीला कॅमेरा लागतच नव्हता. पुस्तक लागत होते. बूथमधल्या माणसाला ढळढळीत चूक दुरुस्त करण्याचा अधिकार नियमात दिलेला आहे. तो वापरला नाही म्हणून मैदानावरच्या पंचांबरोबर रिप्लेवाल्यांनाही दोन सामन्यांचे निलंबन झाले. सगळे जण चित्राकडे डोळे लावून बसले होते आणि चित्रात काहीच चुकीचे नव्हते. निकाल? कायम.

मताचे प्रश्न रिप्लेबाहेर ठेवायचे, असे ठरवूनही एक मागच्या दाराने आत आलाच. डोक्याने किंवा प्रतिस्पर्ध्याच्या डोक्या-मानेवर धडक मारणे, ज्याला टार्गेटिंग म्हणतात, त्याला २०१३ पासून थेट हकालपट्टी आहे आणि ती रिप्लेत तपासतात. पहिल्या वर्षी तर असे होते की तपासणीत खेळाडू निर्दोष ठरला तरी संघाला १५ यार्डांची शिक्षा कायम. लोक हसले, पुढच्या वर्षी सुधारले. २०१९ मध्ये खरी सुधारणा झाली. फाउलचा प्रत्येक घटक चित्रात सिद्ध झाला तरच हकालपट्टी, नाहीतर रद्द. संशयाचे माप इथे पंचाकडून काढून विद्यार्थ्याला दिले. वीस वर्षांतला हा सर्वांत न्याय्य बदल, असे मी म्हणेन.

२०२५ चा बदल मात्र मला पटत नाही. पूर्वी रेफरी तपासणीनंतर तीन प्रकारे सांगत असे: चित्रावरून निर्णय बरोबर ठरला, चुकीचा ठरला, किंवा चित्रावरून काहीच ठरत नाही म्हणून आहे तो राहू दे. आता फक्त कायम किंवा रद्द. सुटसुटीत झाले खरे, पण 'आम्हाला दिसले नाही' हे प्रेक्षकांना सांगण्याची एकमेव जागा गेली.

शेवटी १९ ऑक्टोबर २०२४ चा ऑस्टिनमधला सामना. जॉर्जिया २३–८ ने पुढे असताना टेक्सासच्या बचावपटूने पास मधेच पकडला. त्याच्यावर आडकाठीचा फाउल दिला गेला आणि पकडलेला चेंडू गेला. निर्णय चुकीचा होता, पण हा मताचा प्रश्न. बूथला अधिकार नाही, प्रशिक्षकाला चॅलेंज नाही. विद्यार्थ्यांनी मैदानात बाटल्या फेकायला सुरुवात केली. साफसफाईसाठी खेळ थांबला. त्या वेळात पंच एकत्र आले, बोलले आणि फाउल मागे घेतला. चेंडू टेक्सासला. गटाने नंतर विद्यापीठाला अडीच लाख डॉलर दंड केला. जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट संतापले, आणि त्यांचा राग निर्णयावर कमी, तो ज्या वाटेने फिरला तिच्यावर जास्त होता. टेक्सास अखेर ३०–१५ ने हरले म्हणून प्रकरण थंडावले.

त्यानंतर अनेकांनी म्हटले की पास पकडतानाची आडकाठीही रिप्लेच्या यादीत घ्या. एनएफएलने २०१९ मध्ये नेमके हेच केले होते. एका हंगामात कोणता स्पर्श आडकाठी आणि कोणता नाही यावर रोज वाद झाले आणि २०२० मध्ये नियम गुंडाळला. कॉलेजने तो घेऊ नये असे माझे मत आहे. पंचांनी एकत्र येऊन बोलावे याला आजही कोणत्याच नियमाची आडकाठी नाही. त्या दिवशी त्यांनी बाटल्या पडण्याआधी बोलायला हवे होते.